माशाशी खोटे बोलणे

'गळाला लागणे' हा वाक्प्रचार आपण मराठीत किती सहज वापरतो! गिऱ्हाईक गळाला लागते, कार्यकर्ता गळाला लागतो, निवडणुकीच्या हंगामात तर वाडीच्या वाडी गळाला लागते. आमिष दाखवणे, जाळ्यात ओढणे, जाळे पसरणे हे सारे शब्द नदीकाठावरून घरात आलेले आहेत. उर्दूतही तेच. दाना डालना, जाल बिछाना, दाम में आना. दोन्ही भाषांत एक गोष्ट मात्र सारखी आढळते. चर्चा गळ टाकणाऱ्याची कमी आणि गळाला लागणाऱ्याची अधिक होते. तो लोभी होता, त्याला मोह आवरला नाही, त्याने नीट पाहिले नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. तिथे सुलेखनाच्या वहीत 'लालच बुरी बला है' हे वाक्य मुलांकडून वर्षातून निदान दहा वेळा लिहून घेतले जाते. मासा तोंड उघडतो, गळ तोंडात रुततो आणि अपराधी ठरते ते माशाचे तोंड!

दोषाची ही वाटणी आम्हाला फार दिवसांपासून खटकत आली आहे. तिच्याविषयी लिहायचे तर सुरुवात एका अगदी लहान वस्तूपासून करावी लागेल.

आमच्या टेबलाच्या खणात खडूच्या डबीमध्ये एक माशी आहे. जिवंत नव्हे, माणसाने बांधलेली. आमचे एक स्नेही काही वर्षांपूर्वी पहलगामला गेले होते. लिद्दर नदीच्या काठी ट्राउट मासे धरणाऱ्या एका माणसाकडून त्यांनी ती हौसेने मागून आणली. लांबी करंगळीच्या नखाएवढी. आत पोलादी आकडा, त्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे, वेढ्यांवर फेजंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तपकिरी तंतू गुंडाळलेले आणि डोक्यापाशी एक पिवळा मणी. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते तशीच ती तार. तळहातावर घेतली की एवढ्याशा आकाराच्या मानाने ती जड लागते आणि तिचे सारे रहस्य या जडपणात आहे.

थंड पाण्याच्या ओढ्यांत मेफ्लाय नावाचे किडे असतात. त्यांचे आयुष्य मोठे विलक्षण. वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ हा किडा पिल्लाच्या रूपात पाण्याखाली दगडांना चिकटून राहतो. मग एके दिवशी वर येतो, त्याला पंख फुटतात आणि बहुधा एका दिवसात त्याचा खेळ आटोपतो. पंख फुटल्यावर त्याला खाण्यासाठी कामाचे तोंडही उरत नाही. पाण्याखालच्या या पिल्लाला इंग्रजीत निम्फ म्हणतात. ट्राउट मासा पृष्ठभागावरच्या माश्या टिपताना लोकांना दिसतो खरा, पण त्याचे बरेचसे जेवण पाण्याखालीच चालते. आणि वेगाच्या पाण्यात मासा राहतो कुठे? वरचा प्रवाह धावत असतो, पण तळाशी दगडगोट्यांच्या घर्षणामुळे पाणी मंद असते. मोठ्या दगडाच्या आडोशाला तर ते जवळजवळ थांबलेले असते. मासा तिथे ताकद वाचवत उभा राहतो आणि समोरून वाहत येणारा घास तेवढा टिपतो. नुसती पिसाची हलकी माशी टाकली तर प्रवाह तिला वरच्या वर वाहून नेईल. म्हणून तिला वजन द्यायचे. तांब्याची तार द्यायची, मणी ओवायचा. पितळेपेक्षा शिसे जड आणि शिशापेक्षा टंगस्टन कितीतरी जड. शिशाची घनता पाण्याच्या अकरा पटींहून थोडी अधिक, तर टंगस्टनची एकोणीस पटींहून अधिक. टंगस्टनच्या मण्याची माशी क्षणात तळ गाठते. धरणारा ती प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकतो, बुडू देतो, दोरी ताणलेली ठेवतो आणि माशी माशाच्या तोंडासमोर आली असे वाटताच काठीचे टोक अलगद उचलतो. पिल्लू पंख फुटण्यासाठी वर निघाले आहे असे माशाला वाटते. तो तोंड उघडतो.

यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मासा इथे लोभी नाही. तो आपल्या जागी, आपल्या वेळी, आपले रोजचे अन्न खातो आहे. फसवणारा मात्र त्याच्या जेवणाचा पुरता अभ्यास करून आलेला आहे.

ती माशी आम्ही एकदा आठवीच्या वर्गात नेली होती. घनतेचा धडा चालू होता. मुलांनी ती हातोहात फिरवली, वजन पाहिले, पिसाला फुंकर घालून पाहिली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, मछली को झूट बोले तो गुनाह लगता क्या?" वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही, कारण हा प्रश्न फार जुना आहे आणि तो विचारणाऱ्यांत मोठमोठी माणसे आहेत.

इमाम बुखारींविषयी एक गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. एका माणसाकडे एक हदीस आहे असे कळल्यावर ते लांबचा प्रवास करून त्याच्याकडे गेले. पाहतात तर तो माणूस सुटलेल्या घोड्याला बोलावतो आहे. झग्याचा घोळ पुढे धरला आहे, जणू त्यात दाणे आहेत. घोडा जवळ आला आणि पकडला गेला. घोळ रिकामा होता. इमामसाहेब एक शब्द न बोलता माघारी फिरले. जनावराशी जो खोटे बोलतो त्याच्या तोंडचे मी काय घेऊ, असा त्यांचा विचार. गोष्ट एवढीच, पण आमच्या खणातल्या माशीकडे पाहिले की तो रिकामा घोळ डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे सिंदफणेच्या काठी गळ टाकणारा पोर निदान खरे गांडूळ लावतो किंवा कणकेची गोळी लावतो. मासा मरतो, पण घास खरा असतो. या माशीत मात्र खाण्याजोगे कणभरही काही नाही. पीस, तार, मणी, आकडा. हा घोळ पूर्ण रिकामा आहे.

मग घोड्याच्या मालकाला जो न्याय, तोच या माशी बांधणाऱ्याला लावायचा काय? आम्हाला तसे वाटत नाही. पण का वाटत नाही हे सांगणे सोपे नाही. बगळा एका पायावर तासभर उभा राहतो ते ध्यानासाठी नव्हे. समुद्रात एक मासा असा आहे की त्याच्या कपाळावरच आमिषासारखा लोंबता मांसाचा तुकडा असतो. निसर्गात फसवणूक पावलोपावली आहे हे खरे, पण बगळ्याला दुसरा मार्ग नाही. माणसाला आहे. म्हणून बगळ्याचा दाखला देऊन माणसाची सुटका होत नाही. 'ढोंगी बगळा' हा शब्दसुद्धा आपण माणसासाठीच राखून ठेवला आहे, बगळ्याला तो लागू नाही.

इंग्लंडमध्ये या माशीवरून पन्नास वर्षे भांडण चालले होते हे वाचून आम्हाला प्रथम गंमत वाटली. फ्रेडरिक हॅलफर्ड नावाच्या गृहस्थांनी 1886 आणि 1889 मध्ये दोन पुस्तके लिहिली आणि पाण्यावर तरंगणारी कोरडी माशी हीच काय ती सभ्य माणसाची माशी, असा दंडक त्यांच्या अनुयायांनी बसवला. मासा पृष्ठभागावर खाताना दिसला पाहिजे आणि मगच त्याच्यावर माशी टाकली पाहिजे. जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या वकिलाने 1910 मध्ये उलट बाजू मांडली. मासा पाण्याखाली खातो, तर मी पाण्याखालच्या किड्याची नक्कल का करू नये? वाद इतका चिघळला की फेब्रुवारी 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. हॅलफर्ड तेव्हा हयात नव्हते आणि स्क्यूज ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. पुढे फ्रँक सॉयर नावाच्या, क्लबात बसणाऱ्यांपैकी नव्हे तर नदीची राखण करून पोट भरणाऱ्या माणसाने दोरा वगळून नुसत्या तांब्याच्या तारेने पिसे बांधली आणि 1958 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आमच्या डबीतली माशी त्याच घराण्यातली.

आता या भांडणात मुद्दा काय होता? माशाला फसवावे की नाही हा नव्हताच. कुठल्या मजल्यावर फसवावे एवढाच होता! माशाला विचारले असते तर वरच्या आणि खालच्या आकड्यांत त्याला काय फरक वाटला असता? आम्हाला शनिवारवाल्या लोकांची आठवण होते. समुद्रकाठच्या त्या वस्तीला शनिवारी शिकार मना होती आणि मासे नेमके शनिवारीच काठाला गर्दी करत. लोकांनी युक्ती काढली. आदल्या दिवशी खड्डे खणायचे, शनिवारी मासे आपोआप त्यांत अडकू द्यायचे आणि रविवारी उचलायचे. कायद्याचे अक्षर पाळले, आशय बुडवला. कुरआनात त्यांचा उल्लेख नापसंतीनेच आला आहे. नियम पाळल्याचे समाधान आणि खरा संयम या दोन गोष्टी एक नसतात, हे आपल्याला त्या वस्तीने फार पूर्वीच दाखवले आहे.

तरीही हॅलफर्डच्या माणसांना नुसते हसून सोडून द्यावे असे आम्हाला वाटत नाही. ज्याच्याजवळ जाळे, सुरुंग, विष सारे काही आहे त्याने 'मी एवढेच वापरीन' असे म्हणणे याला काही किंमत आहेच. आपल्याकडे ओढ्याच्या डोहात जिलेटिन टाकून किंवा ब्लीचिंग पावडर ओतून मासे मारणारे लोक पाहिले की स्वतःला नियम घालून घेणारा तो साहेब बरा वाटू लागतो. फक्त त्याने त्याला दया म्हणू नये. तो स्वतःचा आब राखतो आहे. त्या आबात मासा कुठेच नाही.

हा केवळ विलायती छंद आहे असे कुणी समजू नये. काश्मीरच्या नद्यांत ट्राउट आला तो 1900 च्या सुमारास, ब्रिटनहून आणलेल्या अंड्यांतून. पण गळाची हौस आपल्या मातीत त्याच्या कितीतरी आधीची. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके 1051 मध्ये, म्हणजे 1129 च्या आसपास, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातल्या जुन्या मराठी ओळींमुळे ठाऊक असतो. त्याची राजधानी म्हणजे आजचे बसवकल्याण, आणि आमचा बालाघाटाचा डोंगरपट्टाही त्याच घराण्याच्या राज्यात होता. राजाच्या करमणुकींच्या विभागात त्याने 'मत्स्यविनोद' असे स्वतंत्र प्रकरण घातले आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाणे, दोरी, काठी, गळ यांची सारी माहिती त्यात आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्यावर लेख लिहिला, तेव्हा जगाला कळले की दख्खनचा एक राजा नऊशे वर्षांपूर्वी गळ टाकून बसत असे. त्याच्याही आधी अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींना मासे मारू नयेत आणि विकूही नयेत अशी आज्ञा कोरून ठेवली होती. म्हणजे माशाची मजा आणि माशाची कणव, दोन्ही या देशात शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

प्रकरणाच्या नावातला 'विनोद' हा शब्द मात्र आम्हाला अडखळवतो. विनोद म्हणजे मनोरंजन. भोई समाजाचा माणूस माजलगावच्या धरणात पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकतो. त्याला कुणी विचारील का की तू माशाला का फसवतोस? त्याच्या घरी चूल पेटायची आहे. शरीयतने पाण्यातला मासा हलाल ठरवला, त्याला जबह करण्याची अटही ठेवली नाही. माणसाच्या गरजेला इतकी मोकळीक क्वचितच कुठे दिली असेल. पण गरजेला दिलेली मोकळीक आपण हौसेच्या खिशात टाकतो तेव्हा हिशेब बदलतो. जिवंत प्राण्याला बांधून नेमबाजीचे निशाण बनवू नका, असे पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांनी बजावले, त्यामागे हीच दृष्टी असावी. खाण्यासाठी मारणे वेगळे, तडफडाट पाहण्यासाठी मारणे वेगळे.

इथे छंदवाले एक तोड सुचवतात. आम्ही मारतच नाही, म्हणतात. धरतो, फोटो काढतो, सोडून देतो. प्रथमदर्शनी हे फार उदार वाटते. पण थोडे थांबून पाहू. भोई माशाला एकदाच दुखवतो आणि त्यातून चार माणसे जेवतात. सोडून देणारा दुखवतो आणि त्यातून कुणीच जेवत नाही. उरतो तो नुसता खेळ. माशाला दुखते काय, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउटच्या ओठांत मधमाशीचे विष आणि आम्ल टोचून पाहिले. ते मासे तळाच्या वाळूखडीवर ओठ घासू लागले, जागच्या जागी डोलू लागले, आणि नुसती सुई टोचलेल्या माशांच्या मानाने फार उशिरा अन्नाकडे वळले. याउलट, माशाच्या मेंदूत वेदना जाणण्याची ती रचनाच नाही, असे म्हणणारेही अभ्यासक आहेत. स्वित्झर्लंडने मात्र वाद मिटण्याची वाट पाहिली नाही. सोडून देण्याच्याच इराद्याने मासा गळाने धरण्यास 2008 च्या प्राणिसंरक्षण नियमावलीने तिथे बंदी घातली. आम्हाला तो नियम पटतो. ज्याला खायचे आहे त्याने धरावे, नसेल खायचे तर नदीकाठी बसून नुसते पाणी पाहायलाही बंदी नाही. अर्थात, खाण्यापुरते धरून अंड्यावरची मादी किंवा लहान पिल्लू परत टाकणारा कोळी यात येत नाही. तो शहाणपणाने वागतो आहे.

वजनाचेही एक पाप आहे, ते उरकून टाकू. तुटलेल्या दोरीबरोबर शिशाच्या गोळ्या तळाला राहतात. इंग्लंडात त्या खडे समजून गिळल्याने राजहंस मरू लागले, तेव्हा 1987 पासून तिथे शिशाच्या बहुतेक लहान वजनांवर बंदी आली. टंगस्टनच्या मण्यांना भाव आला त्यात याचाही वाटा आहे. आपल्याकडे सिंदफणेत शिसे टाकले काय आणि सायकलचा गंजका नट टाकला काय, विचारतो कोण?

आता आमच्या भागातल्या मरळ माशाकडे येतो. मूळ प्रश्न तिथे खरा कठीण होतो. मरळ हा बाजारात टबात जिवंत विकला जाणारा काळा, अंगापिंडाने भक्कम मासा. हवेतूनही श्वास घेतो, म्हणून पाण्याबाहेर बराच वेळ तग धरतो. त्याची दुसरी ओळख कमी लोकांना असते. पावसाळ्यात त्याची पिल्ले निघाली की नर आणि मादी त्यांच्याभोवती पहारा देतात. शेकडो लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यात वर-खाली करतो आणि आई-बाप खाली टपून असतात. जाणता गळवाला हा लाल पुंजका शोधतो आणि त्याच्या मधोमध गळाला टोचलेला जिवंत बेडूक नाचवतो. मरळ झेप घेतो. त्याला भूक असेलच असे नाही. पिल्लांमध्ये शत्रू शिरला म्हणून तो तोंड उघडतो. आई-बाप गेले की मागे उरलेल्या पिल्लांचे काय होते हे सांगायला नको.

पहलगामची ती माशी आणि हा बेडूक, दोन्ही फसवणूकच. पण दोन्ही एका तराजूत घालायला आमचे मन धजत नाही. पहिली माशाच्या भुकेशी खोटे बोलते, दुसरा त्याच्या मायेशी. आणि बेडकाचे काय? त्याला तर कुणी विचारलेलेच नाही. जिवंत आमिषापेक्षा पिसाची माशी या एका बाबतीत नक्की बरी, तिच्यात दुसरा जीव टांगलेला नसतो.

यापुढचा एक प्रकार आहे. तो दिसायला सगळ्यांत सौम्य आणि आमच्या मते सगळ्यांत वाईट. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीत वाळणकोंड नावाचा डोह आहे. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेत तसाच डोह आहे. तिथले महासीर मासे देवाचे मानले जातात आणि त्यांना कुणी धरत नाही. लोक चुरमुरे, कणीक टाकतात आणि मोठमोठे मासे निर्धास्त काठाशी येतात. माणसाची सावली पडली की मासा पळतो, हा निसर्गाचा नियम तिथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभयाने मोडला आहे. समजा, अशा डोहात एखाद्याने चुरमुऱ्यांच्या मुठीत गळ लपवला. तोच आकडा, तीच दोरी, मासाही तेवढाच. तरी सारे गाव त्याला विश्वासघातकी म्हणेल आणि ते बरोबरच म्हणेल. गळ टाकण्याआधी आठवडाभर एकाच जागी पेंड आणि भाजलेला कोंडा टाकत राहायचे, मासे निःशंक झाले की मग गळ सोडायचा, ही रीत धरणांच्या काठी सर्रास चालते. तिला चारा लावणे म्हणतात. तीही याच जातीची.

इमाम बुखारींच्या गोष्टीतला घोडा जंगली नव्हता, हे इथे ध्यानात येते. तो त्या माणसाचा होता. हाकेला ओळखत होता. घोळ पुढे धरला की त्यात दाणे असतात, हे त्याला त्याच माणसाने वर्षानुवर्षे शिकवले होते. त्या दिवशी नुसता घोळ रिकामा निघाला नाही, आधी भरलेले सारे घोळ खोटे ठरले. वेगाच्या पाण्यातल्या ट्राउटने मात्र माणसाला कधी काही मानलेलेच नाही. त्याच्याशी आपला शब्द नाही, करार नाही. तिथे कौशल्य आहे, क्रौर्यही असेल, पण विश्वासघात म्हणता येणार नाही. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणाऱ्या पैगंबरांचा राग त्या व्यापाऱ्यावर होता तो याचसाठी. वरचे कोरडे धान्य पाहून गिऱ्हाईक विश्वासाने उभे होते.

त्या मुलाला आम्ही दिले ते उत्तर साधारण असे होते. अनोळखी माशाला फसवून पोट भरणे हा गुन्हा नाही, पण ज्याला आपण आधी निर्धास्त केले त्याला फसवणे हा गुन्हा आहे, मग तो मासा का असेना. त्याचे पुरते समाधान झाले नाही. "मग कोंबडी?" त्याने विचारले. कोंबडीला तर आपणच रोज दाणे टाकतो! तास संपला होता. पण प्रश्न बिनतोड आहे हे आम्ही मान्य करतो. पाळलेल्या जनावराला आपण चारा, पाणी, निवारा देतो आणि शेवटी सुरी फिरवतो. निदान ती सुरी धारदार असावी, त्याच्यासमोर पाजळू नये, एका जनावरापुढे दुसरे कापू नये, एवढे दंडक शरीयतने घातले आहेत. बहुधा तो विश्वास मोडण्याचेच भान त्या दंडकांत असावे. याहून पुढे आम्हाला जाता येत नाही.

हे सारे लिहिण्याचे कारण मासे नव्हेत, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. 2023 पासून आमच्या बीड जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्थांची दारे एकापाठोपाठ एक बंद झाली आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. गल्लीत, मशिदीच्या पायऱ्यांवर, स्टाफरूममध्ये एकच वाक्य ऐकू येई. लोभ नडला. बँकेपेक्षा जास्त व्याज कोण देतो? कळायला नको? शिकलेली माणसे हे अधिक ठामपणे बोलत. आमच्या समाजात तर त्याला आणखी एक पुरवणी जोडली जाई. व्याज घेतले, आता भोगा. व्याजाविषयी आमचेही मत तेच आहे जे व्हायला हवे. पण बुडालेल्या माणसाच्या उशाशी बसून मसला सांगण्याची वेळ कोणती असते?

आमच्या गल्लीत एक खाला आहेत. शिलाई मशीनवर परकर, ब्लाऊज शिवून त्यांनी दोन मुली वाढवल्या. थोरलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे अशाच एका संस्थेत होते. त्या व्याजाला भुलल्या असे म्हणणाऱ्यांनी त्यांचे पासबुक एकदा पाहावे. आम्ही पाहिले आहे, कारण त्यांना मराठी वाचता येत नाही आणि अर्ज आम्हीच भरून दिला. पहिली नोंद पिग्मीची, रोजचे वीस रुपये. वसुलीला येणारा मुलगा त्याच मोहल्ल्यातला, त्यांना खालाच म्हणणारा. ऊन असेल तर पाणी मागायचा, ईदला शीरखुर्मा खाऊन जायचा. आजारपणात पैसे काढायला त्या गेल्या तेव्हा तासाभरात रोख मिळाली. सरकारी कचेरीत त्यांना खुर्ची कुणी दिली नव्हती, इथे दिली. वर्षानुवर्षे एकही नोंद चुकली नाही, एक दिवस उशीर नाही. इतका चारा खाल्ल्यावर माणूस निर्धास्त होणार नाही तर काय होईल? आणि मुलीच्या लग्नासाठी तोंड उघडणाऱ्या बाईला लोभी म्हणायचे असेल तर पिल्लांसाठी झेप घेणाऱ्या मरळालाही लोभीच म्हणावे लागेल.

वसुलीचा तो मुलगा आता गल्लीतून मान खाली घालून जातो. लोक त्याला शिव्या देतात. त्याच्या स्वतःच्या आईची ठेवही त्याच संस्थेत होती आणि ती त्यानेच, कमिशन न घेता, आग्रहाने ठेवायला लावली होती. गळाला टोचलेल्या बेडकाला दोष द्यायचा की नाही, हे आम्ही अजून ठरवू शकलेलो नाही. खाला मात्र त्याला अजून सलामाचे उत्तर देतात. पासबुक त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी पेटीत ठेवले आहे. त्यातली शेवटची नोंद आम्ही त्यांना दोनदा वाचून दाखवली, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही. व्याज जमा, असे तिथे लिहिले आहे.